पंचांग

पंचांग म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांची दररोजची स्थिती देणारे भारतीय कालगणनेचे कोष्टक होय. सूर्य आणि चंद्र यांच्या आकाशातील स्थानांचे गणित हा पंचांगाचा पाया आहे. सण, व्रते, श्राद्धे व संस्कार यांचे दिवस तसेच शुभाशुभ मानलेल्या वेळा या गणिताच्या आधारे, परंतु धर्मशास्त्रातील आणि मुहूर्तशास्त्रातील संकेतांनुसार ठरविल्या जातात. त्यामुळे पंचांगात दोन प्रकारची माहिती एकत्र आलेली असते. पहिली वेधाने पडताळून पाहता येते, तर दुसरी परंपरेने मान्य केलेली असते. दोन पंचांगांत एखाद्या सणाचा दिवस वेगळा दिसतो, तेव्हा त्याचे कारण ग्रहगणित, आरंभस्थान, स्थळ किंवा निर्णयाचा नियम यांपैकी कोणत्या तरी एका बाबतीतील भेदात सापडते.

महाराष्ट्र आणि गोव्यात चांद्र-सौर पद्धतीचे, अमान्त महिन्यांचे आणि शालिवाहन शकाचे पंचांग प्रचलित आहे. त्याचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला सुरू होते.

## कालमापनाची एकके

पारंपरिक गणनेत दिवस एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत मोजतात. या अहोरात्राचे ६० घटिका, एका घटिकेचे ६० पळे आणि एका पळाची ६० विपळे असे विभाग केले जातात. त्यानुसार एक घटिका २४ मिनिटांची आणि एक पळ २४ सेकंदांचे होते. दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा एक मुहूर्त होतो आणि अहोरात्रात असे ३० मुहूर्त असतात. घटिका मोजण्यासाठी घटिकापात्र वापरीत असत. तळाशी बारीक छिद्र असलेली ही वाटी पाण्यावर तरंगत ठेवली की एका घटिकेत भरून बुडते. लग्नघटिका साधण्यासाठी मंडपात घटिकापात्र मांडण्याची चाल महाराष्ट्रात होती. आजची पंचांगे अंगांच्या समाप्तीच्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार तास-मिनिटांत देतात.

## पाच अंगे

### तिथी

चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश जाण्यास लागणाऱ्या काळास तिथी म्हणतात. अमावास्येच्या अंती सूर्य व चंद्र यांचे भोग, म्हणजे राशिचक्रावर मोजलेली अंशात्मक स्थाने, सारखी असतात. तेथून अंतर १२ अंश होईपर्यंत प्रतिपदा, २४ अंश होईपर्यंत द्वितीया, याप्रमाणे ३६० अंशांत ३० तिथी पूर्ण होतात. पहिल्या १५ तिथींचा शुद्ध किंवा शुक्ल पक्ष आणि नंतरच्या १५ तिथींचा वद्य किंवा कृष्ण पक्ष होतो.

तिथीची सरासरी लांबी सुमारे २३ तास ३७ मिनिटे आहे. चंद्राची आणि सूर्याची गती सतत बदलत असल्याने प्रत्यक्ष तिथी सुमारे २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत लहान-मोठी होते. ती दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकते. व्यवहारात सूर्योदयाच्या वेळी चालू असलेली तिथी त्या दिवसाची तिथी मानतात. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयापूर्वी संपली तर तिचा क्षय झाला असे म्हणतात. एकच तिथी लागोपाठ दोन सूर्योदयांना असली तर ती वृद्धितिथी होय.

### वार

वार हे पाच अंगांपैकी आकाशातील वेधांवर अवलंबून नसलेले एकमेव अंग आहे. वारांचा क्रम होऱ्यांवरून आला आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र हा ग्रहांचा क्रम घेऊन अहोरात्राच्या २४ होऱ्यांना एकेक अधिपती दिला, तर शनीपासून मोजताना पंचविसावी होरा रवीची येते. ती दुसऱ्या दिवसाची पहिली होरा असल्याने शनिवारानंतर रविवार येतो. याच रीतीने पुढचे सर्व वार मिळतात. पंचांगातील वार मध्यरात्री बदलत नाही, तो सूर्योदयाला बदलतो.

### नक्षत्र

राशिचक्राच्या ३६० अंशांचे २७ समान भाग केले असता प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा फाल्गुनी, उत्तरा फाल्गुनी, हस्त, चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा, मूळ, पूर्वाषाढा, उत्तराषाढा, श्रवण, धनिष्ठा, शततारका, पूर्वा भाद्रपदा, उत्तरा भाद्रपदा आणि रेवती ही त्यांची नावे आहेत. चंद्र ज्या भागात असेल ते त्या वेळचे दिननक्षत्र होय. एक नक्षत्र ओलांडण्यास चंद्राला सरासरी २४ तास १७ मिनिटे लागतात.

### योग

सूर्याचा आणि चंद्राचा भोग यांची बेरीज १३ अंश २० कलांनी वाढण्यास लागणारा काळ म्हणजे योग. विष्कंभापासून वैधृतीपर्यंत एकूण २७ योग आहेत. त्यांपैकी व्यतीपात आणि वैधृती हे मंगल कार्यांस वर्ज्य मानले जातात. आकाशात थेट दिसेल असे योगाचे काही चिन्ह नसते.

### करण

करण म्हणजे अर्धी तिथी, अर्थात सूर्य-चंद्रांतील ६ अंशांचे अंतर. महिन्यात ६० करणे होतात, मात्र त्यांची नावे ११ आहेत. बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज व विष्टी ही सात चर करणे महिन्यात आठ वेळा फिरून येतात. शकुनी, चतुष्पाद, नाग व किंस्तुघ्न ही चार स्थिर करणे वद्य चतुर्दशीच्या उत्तरार्धापासून शुद्ध प्रतिपदेच्या पूर्वार्धापर्यंत एकेकदाच येतात. विष्टी करणालाच भद्रा म्हणतात.

### उदाहरण

एखाद्या क्षणी सूर्याचा भोग ३५० अंश आणि चंद्राचा ४७ अंश आहे असे समजू. चंद्र सूर्याच्या ५७ अंश पुढे आहे. ५७ ला १२ ने भागल्यास ४.७५ येतात, म्हणजे चार तिथी पूर्ण होऊन शुद्ध पंचमी चालू आहे. ५७ ला ६ ने भागल्यास ९.५ येतात, म्हणून दहावे करण, बालव, चालू आहे. चंद्राचे ४७ अंश चौथ्या नक्षत्रात, रोहिणीत, पडतात. दोन्ही भोगांची बेरीज ३९७ होते. त्यातून ३६० वजा केल्यास ३७ उरतात आणि त्यावरून तिसरा योग, आयुष्मान, मिळतो. या महिन्यात सूर्य पुढे मेष राशीत प्रवेश करणार असल्याने महिना चैत्र ठरतो.

## महिना आणि वर्ष

### अमान्त आणि पूर्णिमान्त

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाचे महिने दोन्हीकडे सारखेच असतात, वद्य पक्षात मात्र नावात एका महिन्याचा फरक पडतो. महाराष्ट्रात माघ वद्य चतुर्दशीला येणारी महाशिवरात्र उत्तरेत फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्ष दिवस एकच असतो.

### अधिक मास

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा काळ सरासरी २९.५३ दिवसांचा आहे. असे १२ महिने सुमारे ३५४ दिवसांत पूर्ण होतात. सौर वर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे असल्याने दरवर्षी जवळजवळ ११ दिवसांचे अंतर पडते. ते भरून काढले नाही, तर सण सर्व ऋतूंतून फिरत राहतील. यासाठी सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना अधिक धरला जातो.

अधिक मास कोणता, हे सूर्याच्या संक्रांतीवरून ठरते. सूर्याचा एका राशीतून दुसऱ्या राशीत प्रवेश म्हणजे संक्रांती. ज्या चांद्रमासात मेष संक्रांती होते तो चैत्र, वृषभ संक्रांती होते तो वैशाख, असा क्रम आहे. ज्या चांद्रमासात एकही संक्रांती होत नाही तो अधिक मास होय, आणि त्याला पुढच्या महिन्याचे नाव मिळते. इ.स. २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. त्याला मलमास, पुरुषोत्तम मास किंवा धोंड्याचा महिना असेही म्हणतात. विवाहादी मंगल कार्ये या महिन्यात वर्ज्य असली, तरी दानाला व जावयाला वाण देण्याला महाराष्ट्रात विशेष स्थान आहे.

### क्षय मास

एका चांद्रमासात दोन संक्रांती आल्यास एका महिन्याचा क्षय होतो. पृथ्वी जानेवारीच्या प्रारंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असल्याने त्या सुमारास सूर्य एक राशी चांद्रमासाहून कमी काळात ओलांडू शकतो. म्हणून क्षय मास हिवाळ्याच्या सुमारासच येतो. क्षय मास असलेल्या वर्षी त्याच्या आधी व नंतर एकेक अधिक मास येतो. क्षय मास १४१ वर्षांनी आणि क्वचित १९ वर्षांनी येतो, असे भास्कराचार्यांनी नोंदविले आहे. शके १८८५ (इ.स. १९६३-६४) आणि शके १९०४ (इ.स. १९८२-८३) ही अलीकडची क्षय मासाची वर्षे आहेत. त्यांच्यात १९ वर्षांचेच अंतर आहे.

### शक, संवत आणि संवत्सर

शालिवाहन शकाचा आकडा मिळविण्यासाठी गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करतात. विक्रम संवताचे वर्ष गुजरातेत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांच्या चोपड्यांवरही हा संवत पूर्वापार लिहिला जातो. याखेरीज प्रत्येक वर्षाला ६० संवत्सरांच्या चक्रातील एक नाव असते. गुढीपाडव्याला पंचांगपूजन करून नव्या वर्षाचे संवत्सरफल ऐकण्याची प्रथा आहे.

## सणाचा दिवस कसा ठरतो

सूर्योदयाची तिथी ही दिवसाची तिथी असली, तरी प्रत्येक सण त्या नियमाने साजरा होत नाही. ज्या वेळी मुख्य कृत्य करावयाचे त्या कर्मकाळात तिथी असावी लागते. रामनवमी व गणेश चतुर्थीसाठी मध्याह्न, लक्ष्मीपूजनासाठी प्रदोषकाळ, गोकुळाष्टमीसाठी मध्यरात्र आणि संकष्ट चतुर्थीसाठी चंद्रोदयाची वेळ पाहिली जाते. तिथी दोन्ही दिवशी कर्मकाळात असली किंवा एकाही दिवशी नसली, तर काय करावे याचे निर्णय धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत दिलेले आहेत. कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ (इ.स. १६१२) आणि पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधु’ (इ.स. १७९०) हे त्यांतील महाराष्ट्रात विशेष आधारभूत मानलेले ग्रंथ होत.

एकादशीच्या बाबतीत स्मार्त आणि भागवत असे दोन पक्ष आहेत. सूर्योदयापूर्वीच्या चार घटिकांच्या अरुणोदयकाळात दशमी शिल्लक असेल, तर भागवत संप्रदाय त्या दिवशी उपवास न करता दुसऱ्या दिवशी करतो. यामुळे पंचांगात कधीकधी लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली दिसते. वारकरी संप्रदाय भागवत एकादशी पाळतो.

इ.स. २०२४ मधील लक्ष्मीपूजन हे निर्णयभेदाचे अलीकडचे उदाहरण आहे. आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी सुरू झाली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. पहिल्या दिवशी संपूर्ण प्रदोषकाळात, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या केवळ आरंभी अमावास्या होती. उत्तर भारतात अनेक ठिकाणी ३१ ऑक्टोबर ग्राह्य धरण्यात आला. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्येचा स्पर्श असल्यास दुसरा दिवस घ्यावा, या नियमाने महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. अमावास्या संपण्याच्या वेळेबद्दल वाद नव्हता, मतभेद नियमाच्या निवडीत होता.

## दैनंदिन शुभाशुभ वेळा

पंचांगाच्या दैनंदिन पानावर तिथी-नक्षत्रांबरोबर दिवसातील शुभ व वर्ज्य वेळाही दिलेल्या असतात. त्यांपैकी बहुतेक वेळा त्या ठिकाणच्या सूर्योदय-सूर्यास्तावर आधारलेल्या असतात.

* ब्राह्ममुहूर्त – रात्रीच्या १५ मुहूर्तांपैकी चौदावा. दिवस व रात्र समान असताना तो सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटे सुरू होऊन ४८ मिनिटे आधी संपतो. अध्ययन व उपासनेसाठी तो उत्तम मानला आहे.
* अभिजित मुहूर्त – दिवसाच्या १५ मुहूर्तांपैकी आठवा, म्हणजे स्थानिक मध्याह्नाच्या आसपासचा काळ. बुधवारी तो घेऊ नये असा संकेत आहे.
* गोरज मुहूर्त – गुरे रानातून परतण्याची, सूर्यास्ताच्या आसपासची वेळ. महाराष्ट्रात सायंकाळचे विवाह या मुहूर्तावर लागतात.
* राहुकाळ – दिवसमानाच्या आठ समान भागांपैकी वारानुसार ठरलेला एक भाग. नव्या कार्याच्या आरंभास तो वर्ज्य मानतात. ही प्रथा दक्षिण भारतात अधिक दृढ आहे. यमगंड आणि गुलिक हे याच रीतीने काढलेले अन्य काळ होत.
* चौघडिया – दिवसाचे आठ व रात्रीचे आठ भाग करून त्यांना उद्वेग, चंचल, लाभ, अमृत, काळ, शुभ आणि रोग ही नावे दिली जातात. अमृत, शुभ व लाभ हे शुभ, तर चंचल हा प्रवासास योग्य समजतात. दिवसाच्या चौघडियांचा क्रम होऱ्यांच्या ग्रहक्रमाशी जुळतो: उद्वेग रवीचा, चंचल शुक्राचा, लाभ बुधाचा, अमृत चंद्राचा, काळ शनीचा, शुभ गुरूचा आणि रोग मंगळाचा. नावे सात व भाग आठ असल्याने दिवसाचा पहिला आणि शेवटचा चौघडिया एकच असतो.

| वार | राहुकाळाचा भाग | सूर्योदय ६, सूर्यास्त ६ असताना | दिवसाचा पहिला चौघडिया |
|---|---|---|---|
| रविवार | आठवा | ४:३० ते ६:०० | उद्वेग |
| सोमवार | दुसरा | ७:३० ते ९:०० | अमृत |
| मंगळवार | सातवा | ३:०० ते ४:३० | रोग |
| बुधवार | पाचवा | १२:०० ते १:३० | लाभ |
| गुरुवार | सहावा | १:३० ते ३:०० | शुभ |
| शुक्रवार | चौथा | १०:३० ते १२:०० | चंचल |
| शनिवार | तिसरा | ९:०० ते १०:३० | काळ |

कोष्टकातील वेळा केवळ बारा तासांच्या दिवसाला लागू पडतात. मुंबईत जूनच्या उत्तरार्धात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि त्याचा आठवा भाग जवळपास ९९ मिनिटांचा होतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस ११ तासांचा व आठवा भाग सुमारे ८२ मिनिटांचा असतो. त्यामुळे डिसेंबरातील सोमवारचा राहुकाळ मुंबईत साडेसात ते नऊ असा न येता सुमारे ८:२६ ते ९:४८ असा येतो. पाठ केलेल्या ठरावीक वेळा आणि पंचांगात दिलेल्या वेळा यांत फरक पडतो तो यामुळे.

संपूर्ण दिवस शुभ मानलेल्या तिथींना महाराष्ट्रात ‘साडेतीन मुहूर्त’ म्हणतात. गुढीपाडवा, अक्षय तृतीया व विजयादशमी हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा मुहूर्त, अशी गणना रूढ आहे. अर्धा मुहूर्त कोणता याविषयी मतभेद आढळतात. या दिवशी वेगळा मुहूर्त पाहण्याची आवश्यकता नाही असे मानले जाते.

विवाह, उपनयन, वास्तुशांत यांचे मुहूर्त काढताना तिथी-नक्षत्रांखेरीज लग्नराशी, चंद्रबळ, भद्रा, गुरू व शुक्र यांचे अस्त इत्यादी गोष्टी पाहतात. राम दैवज्ञ यांचा ‘मुहूर्तचिंतामणि’ (इ.स. १६००) हा या विषयाचा प्रसिद्ध ग्रंथ आहे. चातुर्मासात विवाह करू नयेत असा संकेत असला, तरी नोकरी-व्यवसायातील अडचणी लक्षात घेऊन काही पंचांगकर्ते त्या काळातील गौण मुहूर्तही देतात.

## इतिहास

### प्राचीन व मध्ययुगीन काळ

लगधाच्या ‘वेदांग ज्योतिषा’त पाच वर्षांचे युग सांगितले आहे. त्यात १,८३० दिवस, ६२ चांद्रमास आणि दोन अधिक मास येतात. यज्ञकर्माचा काळ ठरविणे हा या गणनेचा हेतू होता. त्यात तिथी व नक्षत्र यांना महत्त्व होते. पुढे सिद्धान्तग्रंथांच्या काळात राशी, वार आणि ग्रहांची स्पष्ट स्थाने यांचे गणित विकसित झाले. आर्यभटाचे ‘आर्यभटीय’ (इ.स. ४९९), ‘सूर्यसिद्धान्त’ आणि भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ (इ.स. ११५०) हे या परंपरेतील प्रमुख ग्रंथ होत.

सिद्धान्तग्रंथांवरून दरवर्षी पंचांग करणे कष्टाचे असल्याने सोपी करणग्रंथ व सारण्या रचल्या गेल्या. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ (इ.स. १५२०) मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या-चापांचे किचकट गणित टाळून ग्रहस्थाने काढण्याची रीत त्यात दिली आहे. त्यांचा ‘तिथिचिंतामणि’ हा कोष्टकग्रंथ तिथी, नक्षत्र व योग झटपट काढण्यास उपयोगी पडे. महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकाच्या काही भागांत या दोन ग्रंथांवरूनच कित्येक पिढ्या पंचांगे होत राहिली.

### ग्रामजोशी आणि छापील पंचांग

छपाईपूर्वी पंचांग हस्तलिखित असे आणि ते गावाला सांगण्याचे काम ग्रामजोशी करीत. तिथी-वार सांगणे, मुहूर्त काढणे व लग्ने लावणे याबद्दल त्यांना वतन व बलुते मिळे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी इ.स. १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छापील पंचांगामुळे तिथी पाहणे साक्षर माणसाच्या हाती आले. तसेच निरनिराळ्या पंचांगांतील फरकही सर्वांच्या नजरेस येऊ लागले.

## पंचांगशोधनाचा वाद

एकोणिसाव्या शतकात ग्रहलाघवी गणिताने काढलेली ग्रहस्थाने आणि प्रत्यक्ष वेध यांत अंतर पडलेले स्पष्ट दिसत होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी इ.स. १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ च्या सुमारास आधुनिक गणितावर आधारलेले पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (इ.स. १८९६) या ग्रंथात जुन्या-नव्या पंचांगांची सविस्तर चिकित्सा केली. लोकमान्य टिळक यांनी या शोधनाचा पुरस्कार केला. १९०४ मध्ये मुंबईत आणि १९२० मध्ये सांगलीत यासाठी परिषदा भरल्या.

वादाचे मुद्दे दोन होते. पहिला गणिताच्या सूक्ष्मतेचा. जुन्या पद्धतीत तिथी जास्तीत जास्त ६५ व कमीत कमी ५४ घटिकांची होते. याला ‘बाणवृद्धी-रसक्षय’ म्हणत. चंद्राच्या गतीतील सर्व फेरफार विचारात घेतल्यास ती सुमारे ६७ ते ५० घटिका इतकी बदलते. श्राद्ध व व्रते यांसाठी जुन्या परंपरेतील तिथी घ्यावी की आकाशाशी जुळणारी, हा प्रश्न अनेक शास्त्री-पंडितांच्या दृष्टीने धार्मिक होता. चुकीच्या दिवशी केलेले कर्म निष्फळ ठरेल, ही चिंता दोन्ही पक्षांना होती.

दुसरा मुद्दा राशिचक्राच्या आरंभस्थानाचा. संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. संपातापासून निरयन आरंभस्थानापर्यंतचे अंतर म्हणजे अयनांश. छत्रे व टिळक यांच्या पक्षाने रेवती नक्षत्रातील एका मंद ताऱ्यापासून आरंभ धरला. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी पुरस्कारलेल्या चित्रा पक्षात चित्रा ताऱ्याचा भोग १८० अंश धरतात. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो.

हा फरक सर्व अंगांवर सारखा परिणाम करीत नाही. तिथी व करण ही सूर्य-चंद्रांच्या वजाबाकीवरून निघत असल्याने आरंभस्थान कोणतेही घेतले तरी ती बदलत नाहीत. नक्षत्राची समाप्ती मात्र सुमारे सात तासांनी, बेरजेवर अवलंबून असलेल्या योगाची सुमारे साडेतेरा तासांनी आणि संक्रांती सुमारे चार दिवसांनी आधी येते. वर दिलेल्या उदाहरणात दोन्ही भोग चार अंशांनी वाढविले, तर पंचमी, बालव व रोहिणी तशीच राहतात, योग मात्र आयुष्मानऐवजी सौभाग्य येतो. टिळक पंचांगात मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीऐवजी १० जानेवारीच्या सुमारास येते ती याच कारणाने. या चार दिवसांच्या अवधीत अमावास्या आल्यास अधिक मासही वेगळा ठरतो. अशा वर्षी टिळक पंचांग पाळणाऱ्या कुटुंबांचे काही सण इतरांपेक्षा एक महिना आधी किंवा नंतर येतात.

## राष्ट्रीय पंचांग

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर यांचा समावेश होता. समितीचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अमलात आली. तिचे महिने ऋतूंशी बांधलेले असून वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन हे सहा महिने ३० दिवसांचे असतात. चैत्र एरवी ३० दिवसांचा व लीप वर्षी ३१ दिवसांचा असतो. शासकीय राजपत्रावर ही तारीख छापली जाते. धार्मिक व्यवहारात मात्र चांद्र-सौर पंचांगच चालू राहिले. समितीने धार्मिक पंचांगासाठी चित्रा पक्षाला जवळचा अयनांश सुचविला आणि आज बहुसंख्य मराठी पंचांगे चित्रा पक्षाची आहेत.

## स्थलभेद

तिथी संपण्याचा क्षण सर्व पृथ्वीवर एकच असतो, परंतु सूर्योदय, मध्याह्न व चंद्रोदय स्थळानुसार बदलतात. मुंबई व नागपूर यांच्या स्थानिक वेळेत सुमारे २५ मिनिटांचे अंतर आहे. तिथी नेमकी या मधल्या वेळेत संपत असेल, तर दोन्ही शहरांत दिवसाची तिथी वेगळी येऊ शकते.

परदेशातील मराठी कुटुंबांना हा फरक अधिक जाणवतो. समजा, चतुर्थी भारतात मंगळवारी दुपारी २ वाजता सुरू होऊन बुधवारी दुपारी साडेतीनला संपते. भारतात बुधवारच्या मध्याह्नी चतुर्थी असल्याने गणेश चतुर्थी बुधवारी होते. उन्हाळी वेळेनुसार साडेनऊ तास मागे असलेल्या न्यूयॉर्कमध्ये हीच तिथी मंगळवारी पहाटे साडेचारला सुरू होऊन बुधवारी सकाळी सहाला संपते. तेथे मध्याह्नी चतुर्थी मंगळवारी मिळते. भारतीय पंचांगातील तारीख तशीच घ्यावी की स्थानिक गणिताने काढावी, याविषयी प्रथा एकसारखी नाही.

## शेती आणि पर्जन्यनक्षत्रे

सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो. त्यास महाराष्ट्रात महानक्षत्र म्हणतात. जूनच्या ७ किंवा ८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात येतो आणि पेरणीच्या हंगामाची चाहूल त्यावरून घेतली जाते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशा क्रमाने हस्तापर्यंतच्या पावसाला ग्रामीण बोलीत स्वतंत्र नावे आहेत. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे बेडूक, मोर, हत्ती असे वाहन देऊन पावसाचे अनुमान सांगतात. सूर्याचा नक्षत्रप्रवेश हे गणित आहे, तर वाहनावरून काढलेले अनुमान हा पारंपरिक संकेत आहे. हवामानशास्त्रात त्याला आधार नाही.

## टीका

मुहूर्त आणि शुभाशुभ वेळा यांवर महाराष्ट्रात दीर्घकाळ टीका झाली आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने भटजी-जोशांविना विवाह लावण्याची पद्धत रूढ केली. शुभ वेळेचे ज्ञान एका वर्गाच्या हाती राहिल्याने सामान्यांचे शोषण होते, असा या टीकेचा रोख होता. विसाव्या शतकातील बुद्धिप्रामाण्यवादी व अंधश्रद्धाविरोधी चळवळींनी मुहूर्ताला वैज्ञानिक आधार नसल्याचे प्रतिपादन केले. पंचांगातील ग्रहणे, उदयास्त व तिथी यांचे गणित अचूक असते, यावरून त्यातील शुभाशुभ फलेही खरी ठरत नाहीत, असे या टीकाकारांचे म्हणणे आहे. परंपरेचे समर्थक मुहूर्ताकडे श्रद्धेचा, शिस्तीचा आणि सामूहिक व्यवहाराच्या सोयीचा भाग म्हणून पाहतात.

## सद्यस्थिती

सोलापूरचे दाते पंचांग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून प्रसिद्ध होत असून महाराष्ट्रातील पुरोहितवर्गात त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. जयंत साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने पंचांगातील निवडक माहिती इंग्रजी तारखांच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत आणली. त्यामुळे तिथी, उपवास, चंद्रोदय आणि सुट्ट्या एकाच चौकटीत पाहण्याची सवय मराठी घरांत रुळली. आता संगणकीय गणितामुळे कोणत्याही गावाचे पंचांग भ्रमणध्वनीवर तत्काळ मिळते. मात्र अशा साधनांतही अयनांश, स्थळ, सूर्योदयाची व्याख्या आणि सणाच्या निर्णयाचा नियम आधी निवडलेलाच असतो. दोन साधनांनी दिलेली उत्तरे वेगळी आल्यास प्रथम या चार बाबी पडताळून पाहाव्या लागतात.